खर्ज विकत मिळत नाही

एक वादक विद्यार्थी, बी. ए. तृतीय वर्ष

दिवाळी झाली, बांधीतले धान खळ्यावर आले, की आमच्या लाखांदूर तालुक्यातील गावागावांत मंडईची लगबग सुरू होते. वडशाला जावे, तर तेथे नाटक मंडळ्यांच्या कार्यालयांत तारखा ठरविण्यासाठी आलेल्या गावकऱ्यांची वर्दळ दिसते. भर हिवाळ्यात, अंगावर घोंगडी-चादरी घेऊन, रात्र रात्र जागून नाटक पाहणारा हा झाडीपट्टीचा प्रेक्षक साऱ्या महाराष्ट्रात कौतुकाचा विषय झाला आहे. २०२३ साली डॉ. परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली, तेव्हा आपल्या रंगभूमीचे नाव दिल्लीपर्यंत पोहोचल्याचा आनंद आपण सर्वांनीच अनुभवला.

या रंगभूमीतील नटांविषयी, नाटकांविषयी पुष्कळ लिहिले जाते. परंतु रंगमंचाच्या पुढ्यात बसून रात्रभर वाजविणाऱ्या साथीदारांविषयी कोणी फारसे लिहीत नाही. ऑर्गन, तबला, ढोलकी. अलीकडे ऑक्टोपॅड आणि की-बोर्ड. आणि क्वचित एखाद्या ठिकाणी बास गिटार. प्रस्तुत लेखक हा त्या शेवटच्या, क्वचित आढळणाऱ्या प्राण्यांपैकी एक आहे.

बास गिटार म्हणजे काय, असे मला महाविद्यालयात नेहमी विचारले जाते. "चारच तारा? बाकीच्या दोन तुटल्या काय?" हा प्रश्न तर मी इतक्यांदा ऐकला आहे की आता त्याचा राग येत नाही. पण गेल्या वर्षभरात दुसराच एक प्रश्न वारंवार येऊ लागला आहे. "आम्हालाही घ्यायची आहे. कोणती घ्यावी? मशीन किती वॅटचे घ्यावे? आवाज घुमला पाहिजे!" हा प्रश्न विचारणारे बहुतेक जण शेतकऱ्यांची मुले आहेत आणि घरचे धान विकून आलेल्या पैशांवर त्यांची भिस्त आहे. म्हणून या विषयावर माझे जे मत झाले आहे, ते स्पष्टपणे मांडावे असे वाटले. मत असे, की चांगला खर्ज दुकानात विकत मिळत नाही. दुकानात मिळते ते फक्त लाकूड, लोखंड आणि वायर. खर्ज हा हातात आणि कानात तयार व्हावा लागतो. आणि त्याचे काम इतरांना झाकून टाकण्याचे नसून त्यांना उचलून धरण्याचे आहे.

हे शहाणपण मला पुस्तकातून आलेले नाही. त्यासाठी वडिलांच्या धानाची काही पोती खर्ची पडली आहेत.

प्रथम वर्षात असताना मी आणि माझा एक मित्र नागपूरला गेलो. एका दुकानात लाल रंगाची, आरशासारखी चकाकणारी बास गिटार टांगलेली होती. दुकानदाराने ती एका भल्या मोठ्या बॉक्सला जोडली, खर्जाचे बटण पूर्ण फिरविले आणि सर्वांत जाड तार छेडली. काउंटरची काच थरथरली. आम्ही दोघे एकमेकांकडे पाहून हसलो. व्यवहार तेथेच झाला. गिटारची मान सरळ आहे की नाही, तारा सुरात लागतात की नाही, हे पाहायचे असते, याचा आम्हांला पत्ताच नव्हता. काच थरथरली, एवढे आम्हांला पुरे होते.

त्याच हिवाळ्यात लाखांदूरजवळच्या एका गावी मंडईच्या रात्री मी पहिल्यांदा नाटकाला साथ केली. मी माझे बटण पूर्ण फिरविले. साउंडवाल्याने त्याचे फिरविले. दुसऱ्या अंकात आई मुलाला घराबाहेर काढते, असा प्रसंग होता. मी आपला जोरात घुमवीत होतो. अंक पडला, तेव्हा पुढच्या रांगेत बसलेली एक म्हातारी माझ्याकडे वळून म्हणाली, "पोरा, तुया बाजा त लय आयकू येते, पन बाई का बोल्ली थे काई समजला नाई."

मी ओशाळलो. पण खरी शिकवणी पुढेच होती. ऑर्गन वाजविणारे आमचे एक लांबचे मामा त्या रात्री साथीला होते. पहाटे सामान आवरताना त्यांनी माझे मशीन बंद केले, वायर काढली आणि म्हणाले, "आता वाजव." मशीनशिवाय बास गिटारचा आवाज तो किती! मामांनी गिटारच्या लाकडाला कान लावला. एकेक तार मोकळी, मग बाराव्या फ्रेटवर दाबून वाजवायला लावली. मोकळ्या तारेचा षड्ज आणि बाराव्या फ्रेटवरचा वरचा षड्ज एकमेकांशी जुळत नव्हते. मामा म्हणाले, "तारच खोटं बोलते, तर मशीन मोठ्यानं खोटं बोलेल, दुसरं काय करेल?"

या एका वाक्यात बास गिटारच्या खरेदीचे सारे शास्त्र आले आहे, असे मला आज वाटते.

या वाद्याचा इतिहास थोडक्यात सांगायचा, तर अमेरिकेत पूर्वी वाद्यवृंदातील खालचे सूर माणसाच्या उंचीपेक्षाही मोठ्या, उभ्या डबल बासवर वाजविले जात. ते वाहून नेणे कठीण आणि ब्रासच्या गोंगाटात ते ऐकू येणेही कठीण. त्यावर १९५१ साली लिओ फेंडर याने आडवी धरण्याची, फ्रेट असलेली, विजेवर चालणारी बास गिटार बाजारात आणली आणि तिचे नाव ठेवले 'प्रिसिजन', म्हणजे अचूक. कारण फ्रेटमुळे सूर अचूक लागतो. म्हणजे या वाद्याच्या नावातच मोठेपणा नाही, अचूकपणा आहे. पुढे आपल्याकडे मुंबईच्या चित्रपटसंगीतात तिने घर केले. राहुलदेव बर्मन यांच्या ताफ्यातील टोनी वाझ यांची बास गिटार आपण सर्वांनी रेडिओवर असंख्य वेळा ऐकली आहे. फक्त 'ही बास गिटार' असे आपल्याला कोणी सांगितले नाही. चांगल्या बासचे लक्षणच ते. ती काढून टाकली तर गाणे पोरके होते. असते तेव्हा मात्र लक्षात येत नाही.

आता मुद्द्याच्या गोष्टी. पैसे मोजके असतील तर ते कोणत्या क्रमाने खर्च करावेत?

पहिली गोष्ट वाद्याची मान. डोळ्याजवळ धरून बंदुकीचा नेम धरावा तशी मानेच्या कडेने नजर टाकावी. मान पिळलेली असेल तर वाद्य फुकटही घेऊ नये. दुसरी गोष्ट सूर. प्रत्येक तार मोकळी आणि बाराव्या फ्रेटवर वाजवून पाहावी; दोन्ही षड्ज जुळले पाहिजेत. थोडा फरक असेल तर घोडीवरचे स्क्रू फिरवून तो काढता येतो. फार असेल तर दुकानदाराला नमस्कार करून बाहेर पडावे. तिसरी गोष्ट आपला हात. प्रचलित बास गिटारच्या तारेची लांबी ३४ इंच असते. लहान चणीच्या मुला-मुलींची बोटे तेथे दमतात. ३० इंची बासही मिळते आणि ती काही कमी दर्जाची नव्हे. बीटल्सचा पॉल मॅकार्टनी ज्या व्हायोलिनच्या आकाराच्या हॉफनर बासमुळे ओळखला जातो, ती अशीच आखूड आहे.

चौथी गोष्ट तारा, आणि येथेच आपण सर्वांत जास्त चुकतो. गिटारवर हजारो रुपये घालतो आणि गंजलेल्या तारा तशाच ठेवतो. तारा दोन जातींच्या असतात. गोल वेढ्याच्या तारा खरखरीत आणि चकचकीत बोलतात. चपट्या वेढ्याच्या तारा गुळगुळीत आणि गंभीर बोलतात. नाटकाच्या गाण्याला, तबल्याच्या शेजारी बसायला, मला चपट्या तारा अधिक मानवतात. बोट सरकल्याचा 'चर्र' असा आवाज येत नाही आणि डग्ग्याशी त्यांचे पटते. मान, सूर, हात आणि तारा या चार गोष्टी पाहून झाल्यावर मशीनचा विचार करावा. रंगाचा विचार केलाच नाही तरी चालेल.

मशीनच्या बाबतीत एक गैरसमज फार पसरला आहे. शंभर वॅटऐवजी दोनशे वॅट घेतले की आवाज दुप्पट होतो, असे आपण समजतो. वस्तुतः वॅट दुप्पट केले तर आवाजात केवळ तीन डेसिबलची भर पडते. कानाला ती जेमतेम जाणवते. आवाज दुप्पट भासायला सुमारे दहापट वॅट लागतात. दुसरे असे, की बासच्या सर्वांत जाड तारेचा सूर सेकंदाला सुमारे ४१ कंपनांचा असतो आणि त्याची एक लाट हवेत आठ मीटरहून अधिक लांब असते. चार भिंतींच्या खोलीत अशी लाट भिंतींवर आदळून साठते. म्हणून दुकानात काच थरथरते. मंडईच्या उघड्या मैदानात भिंती कोठून आणणार? लाट शेतावरून निघून जाते. तेव्हा दुकानात ऐकलेला आवाज मैदानात मिळेल, ही आशाच खोटी. उघड्यावर बॉक्स टेबलावर न ठेवता जमिनीवर ठेवावा आणि शक्य असेल तर एखाद्या भिंतीला पाठ लावून ठेवावा. फुकटात खर्ज वाढतो. साध्या गिटारच्या लहान मशीनला बास जोडण्याचा मोह मात्र टाळावा. स्पीकरचा कागद फाटतो.

याहूनही मजेची गोष्ट निसर्गाने करून ठेवली आहे. मोबाइलच्या इवल्या स्पीकरमध्ये खर्जाचा मूळ सूर निघूच शकत नाही. तरी मोबाइलवर तानपुरा लावला तर आपल्याला त्याचा खर्ज 'ऐकू' येतो. कारण सुराबरोबर त्याचे वरचे उपस्वर येतात आणि त्यांवरून कान खालचा सूर ओळखून घेतो. याचा व्यवहारातला अर्थ असा, की मैदानात बास ऐकू जावी असे वाटत असेल, तर खालचे बटण वाढवीत न बसता मधले बटण थोडे वाढवावे. त्याने बोटाचा आघात स्पष्ट होतो. खालचे बटण पूर्ण फिरविले तर केवळ गुरगुर वाढते आणि त्या गुरगुरीखाली नटीचे शब्द बुडतात. त्या म्हातारीची तक्रार हीच होती.

आपल्या पूर्वजांना हे ठाऊक होते. मिरजेचे तानपुरे देशभर नावाजलेले. २०२४ साली मिरजेच्या सतार-तानपुऱ्यांना भौगोलिक मानांकनही मिळाले. त्या तानपुऱ्याला बॉक्स नाही, मशीन नाही. घोडीवर तारेखाली सुताचा एक धागा सरकवून जवारी लावायची, की तीच पितळी तार भरून बोलू लागते. टोन, टोन म्हणून आपण ज्याच्या मागे लागतो, त्याला आपल्याकडे केव्हाचा शब्द आहे. पखवाजाच्या डाव्या तोंडाला ओली कणीक लावून खर्ज मिळवितात. तबल्याच्या डग्ग्यावर तळव्याचा दाब कमी-जास्त करून वादक त्याला बोलायला लावतो. मशीनपूर्वी हात, आघातापूर्वी दाब, हा क्रम आपल्याकडे जुनाच आहे.

बास गिटारलाही तेच लागू आहे. उजव्या हाताची बोटे घोडीजवळ ठेवली तर सूर आवळ आणि कडक येतो. मानेकडे नेली तर गोल आणि मऊ. एकाच वाद्यातून असे चार-पाच आवाज बटणाला हात न लावता निघतात. डाव्या हाताचे काम तर त्याहून मोठे आहे. सूर संपला की तार झाकणे. न झाकलेल्या तारा आपापसांत कुजबुजत राहतात आणि त्यालाच आपण 'घुमणे' समजतो. अमेरिकेतील जेम्स जेमर्सन हा मोटाउन कंपनीचा बासवादक. १९८३ साली तो वारला, पण जगभरचे बासवादक आजही त्याचे नाव आदराने घेतात. त्याच्याजवळ १९६२ सालची एक साधी फेंडर होती. तिच्या चपट्या तारा तो सहसा बदलीतच नसे आणि उजव्या हाताचे केवळ एक बोट वापरीत असे. ध्वनिमुद्रणाच्या वेळी पुष्कळदा त्याची वायर मशीनला न जोडता थेट मुद्रणाच्या यंत्राला जोडली जाई. एक बोट, जुन्या तारा आणि मशीन नाही! आमच्या भागातील कित्येकांजवळ याहून अधिक सामान आहे. त्याच्याजवळ होते ते कान आणि संयम.

आपल्या संगीताला लागू पडेल अशी एक युक्ती येथे सांगतो. ती कोणत्याही दुकानात मिळणार नाही. बास गिटारच्या चार मोकळ्या तारा ऑर्गनच्या भाषेत मंद्रातल्या पांढरी तीन, पांढरी सहा, पांढरी दोन आणि पांढरी पाच या सुरांत असतात. आपले पुरुष गायक पुष्कळदा काळी एक या पट्टीत गातात. त्या पट्टीचा षड्ज दुसऱ्या जाड तारेच्या चौथ्या फ्रेटवर मिळतो. आणि त्याच चौथ्या फ्रेटवर शेजारच्या सर्वांत जाड तारेला बोट लावले की खालचा पंचम! म्हणजे तानपुऱ्याचा षड्ज-पंचम एका बोटाखाली आला. पट्टी बदलली तर बोट सरकवा. नाते तेच राहते. पहिले सहा महिने केवळ हे दोन सूर, तबल्याच्या समेवर, स्वच्छ लावावेत आणि वेळेवर झाकावेत, असे माझे मत आहे. कंटाळवाणे वाटेल. पण मामा म्हणतात त्याप्रमाणे, ज्याला सम सापडली नाही त्याने तिहाई घेऊ नये.

माझ्या या मतावर दोन आक्षेप घेतले जातील, हे मी जाणतो.

पहिला आक्षेप असा, की सामानाला काहीच किंमत नाही असे म्हणणे ही शुद्ध भाबडेपणाची गोष्ट आहे. हे मला मान्य आहे. पिळलेल्या मानेची, बेसूर बास जेमर्सनच्या हाती दिली असती तरी ती बेसूरच राहिली असती. माझी लाल बास मी दीड वर्ष झिजविली. अखेर तिला निरोप देऊन एक जुनी, रंग उडालेली पण सुरात लागणारी बास घेतली. ती त्या लालीपेक्षा स्वस्त पडली! तेव्हा एका मर्यादेखालचे वाद्य घेणे ही काटकसर नसून उधळपट्टीच आहे. पण ती मर्यादा आपण समजतो तितकी उंच नाही. ती ओलांडल्यानंतर घातलेला प्रत्येक रुपया वाद्यापेक्षा शिकण्यावर घालावा, एवढेच माझे म्हणणे.

दुसरा आक्षेप आमच्या गुरुजनांपैकी काहींचा आहे. दंडार आणि खडी गंमत यांच्या या भूमीत ही परदेशी गिटार हवी कशाला? आक्षेपामागची तळमळ मी समजू शकतो. परंतु ज्या ऑर्गनवर आपले नाटक उभे आहे, तो तरी कोठला? पायपेटी-हार्मोनियमचे मूळ युरोपात आहे. आकाशवाणीने तर १९४० साली हार्मोनियमला दार बंद केले आणि ते १९७१ पर्यंत बंदच होते. आज हार्मोनियम परकी आहे असे आपल्या गावात म्हणून पाहा बरे! वाद्य कोठून आले, यापेक्षा ते आल्यावर कोणाचे ऐकते, हे महत्त्वाचे. बास गिटार डग्ग्याचे आणि ऑर्गनच्या डाव्या हाताचे ऐकेल, तर ती आपली होईल. नाही ऐकले, तर ती परकीच राहील आणि तो दोष वाद्याचा नसेल.

मला खरी भीती वेगळ्याच गोष्टीची वाटते. वरातीतल्या डीजेने आपल्या पिढीचे कान बिघडविले आहेत. छातीत धडधडले म्हणजे संगीत झाले, असे आपल्याला वाटू लागले आहे. तीच धडधड हळूहळू नाटकाच्या मांडवात शिरते आहे. झाडीपट्टीचे नाटक शब्दांवर आणि गाण्यांवर जगले आहे. शेवटच्या रांगेतल्या, दिवसभर धान झोडपून थकलेल्या माणसाला आईचा हुंदका ऐकू आला नाही, तर तो पुढच्या वर्षी घरीच झोपेल. आणि त्याला घरी झोपविण्यात आम्हा बासवाल्यांचा हात असेल, तर त्यासारखी दुसरी लाजिरवाणी गोष्ट नाही.

म्हणून शेवटी आपल्या महाविद्यालयाला काही नम्र सूचना. स्नेहसंमेलनासाठी दरवर्षी आपण अधिक मोठे बॉक्स भाड्याने आणतो. एका वर्षी ते थोडे लहान आणावेत आणि उरलेल्या पैशांत सांस्कृतिक विभागासाठी एक साधी पण सुरात लागणारी बास गिटार आणि चांगल्या तारांचे दोन जोड घ्यावेत. धान विकून प्रत्येकाने वेगळी घेण्यापेक्षा आधी सर्वांनी तिच्यावर हात बसवावा. सहा महिन्यांनी ज्याची हौस टिकेल त्याने स्वतःची घ्यावी. दुसरे असे, की भाद्रपदात, नाटकांचा हंगाम सुरू होण्यापूर्वी, आपल्याच परिसरातील ऑर्गनवादक व तबलावादकांना दोन दिवस महाविद्यालयात बोलवावे. त्यांच्याजवळ जे आहे ते त्यांच्याबरोबर जाऊ देणे परवडणारे नाही. तिसरी सूचना फुकटची आहे. कोणत्याही कार्यक्रमापूर्वी आवाज जुळविताना पहिल्यांदा बोलणाऱ्याचा माइक लावावा, मग गाणाऱ्याचा, मग वाद्यांचा. आणि खर्ज सर्वांत शेवटी, जेवढा सोसेल तेवढाच.

गेल्या हिवाळ्यात त्याच गावी पुन्हा साथीला जाण्याचा योग आला. ती म्हातारी त्याच जागी, पहिल्या रांगेत बसली होती. रात्रभर मी एका डोळ्याने तबलजीकडे आणि एका डोळ्याने तिच्याकडे पाहत वाजवीत होतो. आईने मुलाला घराबाहेर काढले, तेव्हा तिने पदराने डोळे पुसले. अंक पडला; ती उठली, शेकोटीकडे गेली. माझ्याकडे तिने ढुंकूनही पाहिले नाही.

घरी परतताना मी मामांना हे सांगितले. मामा हसले आणि म्हणाले, "मग आज वाजली म्हणायची!"